दोन चाली विचित्र, चव्वेचाळीस साध्या

या आठवड्याच्या व्हिडिओत मी विदित गुजराथीच्या एका डावाचा विषय काढला होता, पण बारा मिनिटांत तो नीट मांडून झाला नाही. त्यात आमच्या महागावच्या रविवारच्या वर्गात एका मुलाने असा प्रश्न विचारला की मला दोन दिवस झोप नीट लागली नाही. तो म्हणाला, "सर, म्हणजे आपणपण मार्केटमध्ये काहीतरी उलटंसुलटं करूनच उतरायचं का? सगळे चमकले की झालं?"

त्याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख. बुद्धिबळ येत नसेल तरी वाचा. प्यादं, घोडा, उंट, हत्ती, वजीर, राजा एवढी नावं माहीत असली की पुरे. पटावर उभ्या ओळींना ए पासून एच पर्यंत नावं असतात आणि आडव्या ओळींना १ ते ८ आकडे. ई४ म्हणजे ई ओळीतलं चौथं घर. बस, एवढंच व्याकरण.

आधी विदितची गोष्ट. विदित आपला नाशिकचा. २०२३ च्या ग्रँड स्विस स्पर्धेत पहिला आला आणि त्यामुळे एप्रिल २०२४ मध्ये कॅनडातल्या टोरंटोला झालेल्या कँडिडेट्स स्पर्धेत पोहोचला. कँडिडेट्स म्हणजे विश्वविजेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणारी स्पर्धा. आठ खेळाडू, प्रत्येकाशी दोनदा, एकूण चौदा फेऱ्या. आपल्याकडे डाव रात्री बारा वाजता सुरू व्हायचे. मी मोबाईल उशीजवळ ठेवून बघायचो आणि सकाळी दुकानाचं शटर उघडताना डोळे चुरचुरायचे.

५ एप्रिलला दुसरी फेरी झाली. विदितकडे काळे मोहरे, समोर हिकारू नाकामुरा, त्या वेळी जगात तिसऱ्या नंबरवरचा खेळाडू. अकराव्या चालीत विदितने एच३ वरचं प्यादं मारत चक्क उंट देऊन टाकला. हे घरून तयारी करून आणलेलं होतं. डाव विदित जिंकला. तिकडे टोरंटोत दुपार-संध्याकाळ होती, इकडे मी एकटाच अंथरुणात उठून बसलो होतो.

दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, तिसरी फेरी. आता पांढरे मोहरे विदितकडे आणि समोर चेन्नईचा अठरा वर्षांचा प्रज्ञानंद. सुरुवात एकदम ओळखीची, रुय लोपेझ. सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश धर्मगुरूच्या नावाने ओळखली जाणारी ही सुरुवात. जगात यावर इतका अभ्यास झालाय की मोठे खेळाडू वीस-वीस चाली पाठ म्हणतात. पांढऱ्याने प्यादं ई४, काळ्याने ई५. घोडे बाहेर आले. पांढऱ्याचा उंट बी५ वर गेला, काळ्याने ए६ करून त्याला हटकलं, उंट ए४ वर मागे सरला. इथपर्यंत सगळं पुस्तकातलं.

आणि चौथ्या चालीत प्रज्ञानंदने प्यादं ढकललं एफ५ वर.

हे प्यादं म्हणजे काळ्या राजाच्या बाजूच्या उंटासमोरचं. ते पुढे गेलं की राजाच्या अंगावर येणारी तिरपी वाट उघडी पडते, म्हणून जाणते लोक ते सुरुवातीला हलवत नाहीत. श्लीमान नावाने ही कल्पना ओळखली जाते, पण ती सहसा तिसऱ्याच चालीत खेळतात. आधी ए६ करून मग चौथ्या चालीत एफ५, हे या पातळीवर फारसं कुणी करत नाही, कारण पुस्तकं त्याला जरा कच्चं समजतात. विदितने डी४ ने उत्तर दिलं आणि पटाच्या मध्यभागी लगेच मारामारी सुरू झाली. डाव प्रज्ञानंद जिंकला.

आदल्या दिवशी दुसऱ्याला चकित करून जिंकलेला माणूस चोवीस तासांच्या आत स्वतः चकित होऊन हरला. तुमच्या-माझ्या गल्लीत हेच होतं, म्हणून मला हा डाव विसरता येत नाही.

इथे घड्याळाचं सांगायला हवं, नाहीतर विचित्र चालीचा खरा फायदा कळणार नाही. त्या स्पर्धेत पहिल्या चाळीस चालींसाठी प्रत्येकाला १२० मिनिटं होती आणि त्या चाळीस चाली होईपर्यंत वरून एक सेकंदही मिळत नव्हता. म्हणजे सरासरी एका चालीला तीन मिनिटं. समोरचा घरून अभ्यास करून आला असेल तर तो पटापट खेळतो. तुम्हाला मात्र पटावर बसून पहिल्यापासून विचार करावा लागतो. पंधरा मिनिटं एका चालीवर गेली की पुढच्या पाच चालींचा वेळ खर्च झाला. धंद्यात ही मिनिटं म्हणजे तुमचं खेळतं भांडवल. समोर कुणीतरी काहीतरी नवीन केलं की आपण जो पैसा घाईघाईत त्यामागे घालतो, तो कुठल्यातरी दुसऱ्या खात्यातून काढलेला असतो.

आता वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. विचित्र चाल खेळली की जिंकतो का? यासाठी मला जुना डाव दाखवायचाय. तो चालीचालीने बघितला की उत्तर आपोआप दिसतं, आणि मधलं ॲनालिसिस डोक्यावरून जात नाही.

जानेवारी १९८०. स्वीडनमधलं स्कारा गाव, युरोपियन सांघिक स्पर्धा. पांढरे मोहरे अनातोली कारपॉवकडे, जो १९७५ पासून विश्वविजेता होता. काळे मोहरे चोवीस वर्षांच्या टोनी माइल्सकडे, इंग्लंडच्या बर्मिंगहॅमचा. कारपॉवने ई४ खेळलं. उत्तरात माइल्सने पटाच्या अगदी कडेचं प्यादं एक घर सरकवलं, ए६.

विश्वविजेत्यासमोर ए६! आपल्याकडे शाळेत बुद्धिबळ शिकवताना सर पहिलं सांगतात, मध्य धरा. आणि हा गडी कोपऱ्यातलं प्यादं हलवतोय. कारपॉवने डी४ खेळून मधली दोन्ही घरं घेतली. माइल्सची दुसरी चाल, बी५. पुन्हा कडेचाच प्रकार. प्रेक्षकांमध्ये हसू पिकलं, असं माइल्सनेच नंतर सांगितलंय. त्याची मात्र ही गंमत नव्हती. मायकल बास्मन नावाचा दुसरा इंग्लिश खेळाडू हा प्रकार नियमित खेळायचा आणि माइल्सला त्यातली कल्पना माहीत होती. आज याला सेंट जॉर्ज डिफेन्स म्हणतात.

पुढच्या चाली मात्र लक्ष देऊन वाचा. तिसरी: उंट बी७ वर. चौथी: घोडा एफ६ वर. पाचवी: ई६. सहावी: सी५. आता पट मांडून बघा. बी७ चा उंट आणि एफ६ चा घोडा दोघंही ई४ च्या प्याद्यावर डोळा ठेवून आहेत, आणि सी५ चं प्यादं डी४ ला धक्का देतंय. मध्य त्याने सोडला नव्हता, तो बाजूने मध्यावर येत होता. अकराव्या चालीपर्यंत माइल्सचे दोन्ही घोडे आणि दोन्ही उंट बाहेर आले होते, प्रत्येक जण कामाच्या जागेवर. हेच तर शाळेतले सर सांगतात! विचित्रपणा दुसऱ्या चालीलाच संपला होता.

कारपॉव वाईट खेळत होता का? नाही. मध्यापर्यंत त्याचाही डाव ठीक होता. पण नंतर एक गोष्ट झाली, आणि इथे माझा अंदाज आहे, त्याच्या मनात कोण शिरणार. मला वाटतं ए६ खेळणाऱ्याशी डाव शांतपणे लांबवणं त्याला पटेना, त्याला धडा शिकवायचा होता. अठराव्या चालीपासून त्याने सगळी फौज काळ्या राजाकडे वळवली. घोडा जी५ वर. उंटाने एच७ वर जाऊन शह दिला आणि मागे बी१ वर येऊन बसला. घोडा ई४ वर आणि तेविसाव्या चालीत वजीर डी३ वर. आता रचना बघा: बी१ चा उंट, डी३ चा वजीर, दोघांचं तोंड तिरकं थेट एच७ कडे, मध्ये फक्त स्वतःचाच घोडा. घोडा उडाला की पुढच्या चालीत वजीर एच७ वर आणि मात. भीती वाटावी अशी तयारी आहे.

माइल्सने आधी सी१ वरचा हत्ती हत्तीने मारला, कारपॉवने दुसऱ्या हत्तीने परत मारला. आणि मग चोविसाव्या चालीत माइल्सच्या वजिराने शांतपणे बी२ वरचं प्यादं उचललं.

का उचललं? कारण तिथून तो वजीर सी१ च्या हत्तीवर नजर ठेवतो. आता कारपॉवने घोडा उडवला तर माइल्स हत्ती मारतो आणि तोही राजाला शह देऊन. मात द्यायला चालच उरत नाही. म्हणून कारपॉवला हत्ती हलवून ई१ वर न्यावा लागला. लगेच माइल्सने ई५ चंही प्यादं खाल्लं. कारपॉवने डी७ चं एक परत मिळवलं, तरी हिशोब एका प्याद्याने कमी. पुढे वजीर-वजीर मारले गेले आणि माइल्सने ते एक जास्तीचं प्यादं घेऊन वीसेक चाली अत्यंत साधं, कंटाळवाणं, बिनचूक बुद्धिबळ खेळलं. ४६ व्या चालीनंतर कारपॉवने डाव सोडला.

मला विचाराल तर या डावातली सगळ्यात मोठी चाल ए६ नाहीच. ती आहे बी२. सगळे मोहरे एकाच रागाने एका दिशेला गेले आणि घरातलं प्यादं राखायला कुणी उरलं नाही.

आता माझं बी२ सांगतो. हे व्हिडिओत सांगायची हिंमत झाली नव्हती.

माझं इलेक्ट्रिक आणि मोटारपंपाच्या सामानाचं दुकान. काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास समोरच एका तरुणाने दुकान टाकलं. माझ्या निम्म्या जागेत. बाहेर पाटी, "बंद पडलेला एलईडी बल्ब आणा, दहा रुपये घेऊन जा." आम्ही सगळे हसलो. भंगारवाला म्हणून नावही पडलं. पण लोक घरातले डबेच्या डबे बंद बल्ब घेऊन जायला लागले. तो आतली प्लेट बदलून ते दुरुस्त करायचा आणि पंचेचाळीस रुपयांना विकायचा. माझा नऊ वॅटचा नवा बल्ब शंभर रुपयांना होता, खरेदी बासष्टची.

मला राग आला. बीबीए झालेलो, दहा वर्षं दुकानात बसलेलो, आणि हा पोरगा भंगारावर मला हरवणार? मी नवा बल्ब सत्तर रुपये केला आणि दम दाखवायला एकदम पाचशे बल्ब उचलले. एकतीस हजार रुपये रोख.

गर्दी वाढली, खोटं बोलत नाही. आधी महिन्याला १२० बल्ब जायचे, आता २१० जायला लागले. गल्ल्यावर हात चालतोय म्हणून मी खूश. रात्री कधी कागद घेऊन बसलो नाही. बसलो असतो तर दिसलं असतं: आधी १२० बल्ब गुणिले ३८ रुपये, म्हणजे ४,५६० सुटायचे. आता २१० गुणिले ८, म्हणजे १,६८०. गर्दी पावणेदोन पट, कमाई निम्म्याहून खाली.

पण ते तरी पोटापुरतं नुकसान. खरा मार ऑक्टोबरात बसला. रब्बीची तयारी, हरभरा-गव्हाला पाणी, विहिरीवरच्या मोटारी सुरू. स्टार्टर, कपॅसिटर, थ्री कोअर केबल, हे माझं वर्षाचं खरं पीक. आणि माल भरायला माझ्याकडे पैसेच नव्हते. एकतीस हजार बल्बात, उरलेले उधारीत, आणि शेतकऱ्याचा कापूस अजून घरात यायचा होता, त्यामुळे उधारी मागणार कशी? एक जुने गिऱ्हाईक, माझ्या वडिलांच्या वेळचे, मोटार जळाली म्हणून सकाळी सात वाजता आले. स्टार्टर नाही म्हटल्यावर फळीवर रचलेल्या खोक्यांकडे पाहत म्हणाले, "काऊन रे भाऊ, तुझ्याकडं आता बल्बच भेटून राहिले का?" आणि पुसदची गाडी पकडून गेले.

त्या दोन महिन्यांत असे एकवीस जण परत गेले. नंतर वहीत आठवून-आठवून लिहिले तेव्हा आकडा कळला. एका स्टार्टरमागे मला साधारण तीनशे सुटतात, केबलचे वेगळे. पण पैशापेक्षा ते एकवीस जण पुन्हा सरळ माझ्याकडे यायला लागायला दीड वर्ष गेलं, आणि त्यातले काही आजही येत नाहीत.

समोरच्याने माझं काय बिघडवलं होतं? महिन्याला वीस-पंचवीस बल्ब. बाकी सगळं मी माझ्या हाताने केलं.

आणि त्याचं काय झालं? लोकांना वाटतं तो भंगारावर मोठा झाला. मी त्याला नंतर चहावर विचारलं. दहा रुपयांचा बल्ब, बारा रुपयांची प्लेट, शिवाय वेळ, आणि दहातले तीन-चार दुरुस्तच व्हायचे नाहीत. फार सुटायचं नाही त्यात. पण बंद बल्ब घेऊन आलेला माणूस त्याच्या दुकानाची पायरी चढायचा. मग होल्डर, स्विच, एक्स्टेन्शन बोर्ड तिथूनच न्यायचा. तो सकाळी आठला उघडायचा, बिल द्यायचा, खराब निघालं तर तोंड वाकडं न करता बदलून द्यायचा. पाटी ही त्याची ए६ होती. बाकी सगळं घोडे-उंट बाहेर काढणं होतं, जे मी दहा वर्षांपूर्वी शिकून विसरत चाललो होतो.

तर वर्गातल्या त्या मित्रा, पाटी खुशाल विचित्र लाव. फक्त ती लावायच्या आधी तिसऱ्या चालीपासून काय खेळणार ते मला कागदावर दाखव. माल कुठून, उधारी किती, दुकान किती वाजता उघडणार. ते नसेल तर लोक दोन दिवस बघायला येतील आणि तिसऱ्या दिवशी त्यांना जुनंच दुकान बरं वाटेल.

आणि तुमच्यासमोर कुणी विचित्र पाटी लावली तर? विदितचं पुढे काय झालं ते सांगतो. त्या हरलेल्या डावानंतर स्पर्धेच्या अजून अकरा फेऱ्या बाकी होत्या. नवव्या फेरीत त्याने नाकामुराला दुसऱ्यांदा हरवलं. दहाव्या फेरीत प्रज्ञानंद पुन्हा समोर आला, तो डाव बरोबरीत सुटला. शेवटी प्रज्ञानंद ७ गुण, विदित ६, आणि स्पर्धा ९ गुणांनी गुकेशने जिंकली. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताला सोनं मिळालं, तेव्हा गुकेश, प्रज्ञानंद आणि विदित एकाच संघात होते.

मी त्या बल्बांचं काय केलं, असं तुम्ही विचारालच. साठ-सत्तर शिल्लक होते तेव्हा भाव परत पंचाण्णववर नेला, स्वस्तातले संपले असं स्पष्ट सांगितलं. पहिला महिना गल्ला सुना होता. घरी बायको म्हणाली, "अहो, लोक तुटतील." काही तुटले. पण डिसेंबरात केबलचे दोन बंडल रोखीने आणता आले.

आता गृहपाठ. घरात पट असेल तर माइल्सचा डाव मांडा, नसेल तर मोबाईलवर मांडा. तेविसाव्या चालीला थांबा. पांढऱ्याच्या बाजूने बसा आणि मात द्यायचा मोह सोडून एकच बघा, आपल्या कुठल्या प्याद्याला कुणाचाच आधार नाही. मग वही घ्या. तुमच्या धंद्यात वर्षभराची निम्मी कमाई कुठल्या दोन-तीन वस्तूंवर आणि कुठल्या महिन्यात होते ते लिहा. त्याखाली लिहा की आज रात्री समोरचं दुकान भाव पाडून बसलं, तर उत्तर द्यायला तुम्ही पैसा कुठून काढाल. दोन्ही ठिकाणी एकच नाव आलं, तर ती वही घेऊन रविवारी वर्गाला या.